भांडायचं तर स्वभावावरून भांडू

मार्च २०२४ मध्ये दूरदर्शनवरचा मूळ शक्तिमान करणाऱ्या मुकेश खन्ना यांनी जाहीर सांगून टाकलं की रणवीर सिंग शक्तिमान झालेला त्यांना चालणार नाही. चित्रपटाची घोषणा २०२२ मध्ये झाली होती, पण नट कोण हे निर्मात्यांनी सांगितलेलं नव्हतं. सगळी चर्चाच होती. तरी मुंबईत वाद पेटायला तेवढं पुरलं. दूरदर्शनवर १९९७ पासून शक्तिमान बघत वाढलेली पिढी आज पस्तिशी-चाळिशीत आहे, लोकलने ऑफिसला जाते, आणि शक्तिमान ज्या वेशात लपून राहायचा त्या गंगाधरचा पुढे आलेला दात आणि त्याचा जाड चष्मा तिला अजून आठवतो. एक गट म्हणाला, खन्नांचं बरोबर आहे, हा माणूस शोभणार नाही. दुसरा गट म्हणाला, म्हाताऱ्याने आता भूमिका सोडावी.

मला दोन्ही गटांचं पटलं नाही, कारण खन्नांच्या बोलण्यात दोन वेगळे आक्षेप एकमेकांत मिसळलेले होते. नटाची सार्वजनिक प्रतिमा अशी आहे, म्हणून तो नको, हा एक. शक्तिमान नुसता हिरो नाही, तो मुलांचा शिक्षकही आहे, आणि हे ते अनेक वर्षं सांगत आले आहेत, हा दुसरा. पहिल्या आक्षेपात मला काहीच तथ्य दिसत नाही. कुठला नट पडद्याबाहेर कसे कपडे घालतो, यावरून त्याला भूमिका पेलेल की नाही हे कळत नसतं. दुसरा आक्षेप मात्र शंभर टक्के खरा आहे. मालिकेत भागाच्या शेवटी मुलांशी बोलायला थांबणारा, त्यांच्या चुका त्यांना समजावून सांगणारा शक्तिमान नव्या चित्रपटातून गेला, तर भूमिका कोणीही करो, तो शक्तिमान उरणार नाही.

सुपरहिरोंच्या चित्रपटांवरून चाहते जे भांडतात, त्याबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. चेहऱ्यावरून केलेली भांडणं जवळजवळ सगळी फुकट जातात. पात्राच्या स्वभावावरून, त्याच्या निर्णयांवरून केलेली भांडणं बहुतेक वेळा रास्त असतात. आणि आपण नेमकी पहिली भांडणं मोठ्या आवाजात करतो, दुसरी अर्धवट सोडून देतो.

चेहऱ्याच्या भांडणांचा इतिहास थोडक्यात आटपता येतो, कारण तो प्रत्येक वेळी सारखाच घडला. १९८८ मध्ये मायकल कीटन बॅटमॅन होणार हे कळल्यावर वॉर्नर ब्रदर्सकडे सुमारे पन्नास हजार निषेधाची पत्रं गेली असं सांगतात. टपालाचा जमाना होता तो. कीटन विनोदी भूमिका करणारा, त्याचा जबडा चित्रातल्या बॅटमॅनसारखा चौकोनी नाही, अशी तक्रार. पुढच्या वर्षी चित्रपट आला आणि आज अनेकांना तोच खरा बॅटमॅन वाटतो. २००६ मध्ये हीथ लेजरला बॅटमॅनचा वैरी जोकर दिला तेव्हा हा प्रेमकथांमधला देखणा मुलगा काय करणार, असं म्हटलं गेलं. जानेवारी २००८ मध्ये लेजर गेला, जुलैमध्ये चित्रपट लागला, आणि पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. गॅल गॅडोट वंडर वुमनसाठी अंगाने बारीक ठरली होती. रॉबर्ट पॅटिन्सनवर त्याच्या आधीच्या व्हॅम्पायरच्या भूमिकेचा शिक्का होता. दोघांनीही भूमिका निभावल्या, आणि आधी नाकं मुरडणाऱ्यांपैकी कित्येक नंतर त्यांच्या बाजूने बोलू लागले.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. नाव जाहीर होतं त्या दिवशी आपल्यासमोर असतं ते फक्त नाव आणि एक फोटो. अभिनय फोटोत दिसत नाही. त्याची तुलना आपण करतो ती मनातल्या चित्राशी, आणि ते चित्रही एक नसतं. बॅटमॅन १९३९ पासून छापला जातो आहे. इतक्या वर्षांत इतक्या चित्रकारांनी तो काढला की त्यांचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. मग मूळ चेहरा कुठला?

मुंबईच्या वाचकाला तर हे जास्त सहज कळायला हवं. आपल्या हातात आलेलं ‘मूळ’ इथेच बदललेलं होतं. टाइम्स समूहाने १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स काढली, मराठीतही काढली. त्यांत फँटमचा वेताळ झाला. त्याचं जंगल ज्या देशात होतं त्या देशाचं नाव बदलून डेंकाली केलं. इंग्रजीतल्या समुद्री चाच्यांचं सिंग हे नाव इथल्या वाचकाला लागू नये म्हणून सिंगा असं फिरवलं. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुने अंक शोधत फिरणाऱ्या एकाही माणसाला मी यावरून चिडलेलं पाहिलेलं नाही. कारण नावं बदलली तरी कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ तीच राहिली, बापाकडून मुलाकडे जाणारा वारसा तोच राहिला, आणि आपण कधीच मरत नाही हा समज जगात टिकवण्यासाठी प्रत्येक वेताळाने स्वतःचं नाव-गाव पुसून टाकणंही तसंच राहिलं. वेताळ कशासाठी काय सोडतो, हे संपादकांनी हलवलं नाही. बाकी सगळं हलवलं.

मी जो फरक म्हणतो तो हाच. पात्राची एखादी गोष्ट काढून टाकल्यावर त्याचे निर्णय बदलतात का, हे बघावं. बदलत असतील तर ती गोष्ट पात्राच्या मुळाशी आहे आणि तिच्यासाठी भांडायला हवं. बदलत नसतील तर ती रंगभूषा आहे.

आपल्या रंगभूमीने हा धडा कधीच गिरवलाय. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये आलं आणि त्यातली सिंधू बालगंधर्वांनी केली. समोर पुरुष आहे हे थिएटरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि सिंधूच्या दुःखाने लोक रडत होते. ‘नटसम्राट’मधला बेलवलकर १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभा केला. त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी तो केला, २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकरांनी केला. या प्रत्येकाची चण वेगळी, आवाज वेगळा. दादरला शिवाजी मंदिराच्या आवारात मध्यंतरात चहा पिताना जुनी माणसं यावर बोलतात, ते ऐकण्यासारखं असतं. लागूंचा चेहरा बेलवलकरासारखा होता की नव्हता, हा विषय तिथे निघत नाही. घर मागणारं स्वगत कोणी संतापातून घेतलं, कोणी थकव्यातून घेतलं, मुलीच्या घरातून निघताना कोण वळून बघायचा, यावर वाद होतो. नाटक बघून झाल्यावर, एका ठरावीक जागेवर बोट ठेवून ही माणसं भांडतात. या शहरात अशा भांडणाची एवढी मोठी परंपरा असताना आपली मुलं पोस्टर पाहून निकाल देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता दुसऱ्या प्रकारच्या भांडणाकडे येतो, कारण मला जास्त बोलायचंय ते त्यावर.

२०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो. सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलच्या दिसण्यावर कोणाची फारशी तक्रार नव्हती, तो चित्रातून उतरल्यासारखाच दिसत होता. पण त्या प्रसंगावरून मोठा वाद झाला. सुपरमॅनच्या कथा लिहिणाऱ्या मार्क वेड यांच्यासारख्या लेखकानेही उघड नाराजी सांगितली. चित्रपटाच्या बाजूचे लोक म्हणतात, झॉडने दुसरा मार्गच ठेवला नव्हता, समोर एक कुटुंब मरत होतं. मला हा बचाव पटत नाही. दुसरा मार्ग झॉडने नाही, पटकथाकाराने बंद केला. दोनच वाटा दिसत असताना तिसरी शोधून काढणं, हाच तर सुपरमॅन. त्याच्याकडे डोंगर उचलण्याची ताकद आहे म्हणून मुलं त्याच्यावर प्रेम करत नाहीत. एवढी ताकद असून तो चिरडत नाही म्हणून करतात. २०२५ मध्ये दिग्दर्शक जेम्स गनचा सुपरमॅन एका अजस्र राक्षसाशी लढताना मध्येच एक खार वाचवतो. काहींना ते बालिश वाटलं. मला त्या काही सेकंदांत हरवलेलं पात्र परत भेटलं.

स्पायडरमॅनच्या बाबतीत मात्र चाहत्यांनी केलेला वाद मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि तो मुंबईत नीट पोचलाच नाही.

स्पायडरमॅन होणारा पीटर पार्कर गरीब आहे. ही गोष्ट पात्राच्या मुळाशी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधून मॅनहॅटनकडे जाणारा हा मुलगा डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्या मुलाचा सख्खा भाऊ शोभेल. २००४ च्या ‘स्पायडरमॅन २’मध्ये त्याचं भाडं थकलंय, पिझ्झा पोचवायला उशीर झाला म्हणून नोकरी जाते, कॉलेजात मार्क घसरतात, काकूचं घर हातातून जातंय. लोकांना वाचवायला गेलं की नोकरी जाते, नोकरीला धरून बसलं की लोक मरतात. त्याच्या प्रत्येक निर्णयाला पैशाची किंमत आहे, म्हणून त्याचा चांगुलपणा चांगुलपणा ठरतो. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही.

२००२ मध्ये आधीच्या भागात त्याचं जाळं मनगटातून आपोआप निघतं असं दाखवलं, तेव्हा कॉमिक्स वाचणारे खवळले होते. बाहेरच्यांना तो वाद हास्यास्पद वाटला. मला त्यात तथ्य दिसतं. कॉमिक्समध्ये जाळ्याचं यंत्र पीटरने स्वतः डोकं चालवून बनवलेलं असतं, आणि त्यातलं द्रव ऐन वेळी संपतं. पैसे नसलेल्या हुशार मुलाची ती निशाणी होती. ती काढल्याने पात्र मोडलं नाही, कारण त्या चित्रपटांनी गरिबी दुसऱ्या वाटांनी सांभाळली. तरी काहीतरी गेलं, हे म्हणणाऱ्यांचं ऐकून घ्यायला हवं होतं.

मग २०१७ चा ‘होमकमिंग’ आला. इथे पीटरला अब्जाधीश टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, लाखमोलाचा पोशाख देतो. पोशाख त्याच्याशी बोलतो, मार्ग दाखवतो. खलनायक कोण? भंगार उचलण्याचं कंत्राट घेतलेला, त्यासाठी पैसे गुंतवलेला एक माणूस, ज्याचा धंदा सरकार आणि स्टार्क मिळून एका दिवसात बंद करतात. हा माणूस पीटरला स्पष्ट सांगतो की वरच्यांना आपल्यासारख्यांची पर्वा नाही. पीटर त्याला थांबवतो ते बरोबरच, शस्त्रं विकणाऱ्याला थांबवायलाच हवं. पण त्याच्या बोलण्यात थोडं तरी खरं आहे का, हा प्रश्न क्वीन्सचा मुलगा मनात एकदाही घोळवत नाही. शेवटी तो ॲव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या संघात येण्याचं आमंत्रण नाकारतो, हे मान्य. पण पुढच्या भागात पुन्हा स्टार्कचा चष्मा आणि त्याला जोडलेले हत्यारबंद ड्रोन त्याच्या हाती येतात. वारसाहक्काने आलेली श्रीमंती सांभाळायची कशी, हा त्याचा प्रश्न होऊन बसतो. हा पीटर पार्करचा प्रश्न नाही. डिसेंबर २०२१ च्या ‘नो वे होम’च्या शेवटी तो एका छोट्या भाड्याच्या खोलीत एकटा येतो आणि स्वतः शिवलेला पोशाख घालून खिडकीबाहेर झेपावतो. चाहत्यांनी तक्रार केली म्हणून हे झालं, असा माझा दावा नाही. पण त्यांची तक्रार ज्या जागेवर होती, चित्रपटकर्त्यांना अखेर त्याच जागी यावं लागलं.

या ‘होमकमिंग’च्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज कशाचा झाला, हे आठवून बघा. झेंडाया या नटीचा. कॉमिक्समधली पीटरची प्रेयसी एमजे, तिचे केस लाल आणि कातडी गोरी हवी, ही सावळी मुलगी कशी, असा. तिच्या केसांवरून महिनोन्महिने भांडण चाललं. पीटरचं घरभाडं कुठे गेलं, हे विचारणारे त्या गोंधळात ऐकूच आले नाहीत.

यातून एक अवघड प्रश्न निघतो आणि तो टाळता येणार नाही. वर्ण, जात, धर्म, देश ही सगळी नुसती रंगभूषाच का? नाही. तीच कसोटी इथेही लावावी लागते. २०११ च्या ‘थॉर’मध्ये इद्रिस एल्बाने हाइमडाल केला तेव्हा वर्णद्वेषी गटांनी बहिष्काराची हाक दिली. हाइमडाल देवलोकाच्या पुलाचा पहारेकरी आहे. तो सगळं बघतो, सगळं ऐकतो, आणि राजाच्या आज्ञेपेक्षा कर्तव्य मोठं मानून निर्णय घेतो. त्याच्या कातडीच्या रंगाने यातलं काहीही हलत नाही. ‘एक्स-मेन’मधल्या मॅग्नेटोचं तसं नाही. तो ज्यू आहे, लहानपणी नाझी छळछावणीतून वाचलाय, आणि पुन्हा कोणी आपल्या लोकांची यादी करू लागला तर आपण आधी वार करायचा, ही त्याची सगळी विचारसरणी तिथून निघते. ते काढलं तर लोखंड वाकवणारा एक रागीट म्हातारा तेवढा उरेल.

‘डॉक्टर स्ट्रेंज’ (२०१६) मध्ये हिमालयातला वृद्ध गुरू काढून त्या जागी टिल्डा स्विंटन ही गोरी नटी आली. आशियाई ज्ञानी म्हातारा हा घासून गुळगुळीत झालेला साचा टाळायचा होता, असं कारण दिलं गेलं. साचा टाळायचा तर त्या माणसाला जास्त खोल लिहिता आलं असतं. त्याऐवजी त्याला पडद्यावरून हटवलं. मार्व्हल स्टुडिओजचे प्रमुख केव्हिन फायगी यांनी २०२१ मध्ये याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. ही पात्रनिवडीवरची तक्रार होती आणि ती योग्य होती, कारण इथे निवड हीच पटकथा बनली होती. स्विंटनच्या अभिनयाला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

उंचीचीही गोष्ट सांगतो, कारण ती मला स्वतःला अजून नीट सुटलेली नाही. कॉमिक्समधला वूल्व्हरिन पाच फूट तीन इंच. ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर. २००० मध्ये तो आला आणि त्याने ती भूमिका इतकी वर्षं गाजवली की आता दुसरा कोणी डोळ्यांसमोर येत नाही. तरीही दारूच्या गुत्त्यात ज्याला कोणी मोजत नाही असा बुटका माणूस, आणि त्याच्या आत दबलेला तो राग, ही गोष्ट जॅकमनच्या देखण्या देहात कधी दिसली नाही. पश्चात्ताप, एकटेपणा, लहान मुलींना सांभाळताना दिसणारी माया, हे सगळं दिसलं. म्हणून माझं पारडं जॅकमनकडे झुकतं, पण बुटकेपणासाठी भांडणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही.

आता घरचंच उदाहरण घेऊ. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, आपला फास्टर फेणे, याच्याकडे सुपरहिरोचा पोशाख नाही, पण मराठी मुलांसाठी तो त्या जागीच होता. फुरसुंगीचा पोरगा, पुण्यात शाळेत शिकणारा, सायकलवर वाऱ्यासारखा जाणारा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो केला. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारच्या चित्रपटात अमेय वाघ फाफे झाला, आणि शाळकरी मुलाचा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण झाला. ‘आमचा फाफे एवढा मोठा नाही’ असं तेव्हा मुंबई-पुण्यातल्या अनेक वाचकांनी म्हटलं.

अमेय वाघवर आक्षेप घेणं मला चुकीचं वाटतं. त्याच्या डोळ्यांत ती उत्सुकता होती, नको तिथे नाक खुपसण्याची उर्मी होती. परीक्षेतल्या घोटाळ्याचा विषयही आजच्या मुलांच्या जिव्हाळ्याचा निवडला होता. पण वय वाढवण्यावरचा आक्षेप मी मनावर घेतो. पुस्तकांमधल्या फाफेच्या साहसांना धार येते ती तो लहान असल्यामुळे. मोठी माणसं त्याचं ऐकत नाहीत, पोलीस त्याला घरी जा म्हणतात, त्याला काही घडवायचं असेल तर स्वतःच्या पायांवर आणि सायकलवरच भरवसा ठेवावा लागतो. वीस वर्षांच्या तरुणाला या अडचणी तितक्या येत नाहीत. गिरीश कुलकर्णींचा अप्पा त्याच्यासमोर जबरदस्त उभा राहिला खरा, पण तो सामना एका तरुणाचा होता. शाळकरी पोराचं धाडस त्यात आलं नाही. चित्रपट मला आवडला, आणि तरीही माझं मत आहे की फाफे पुन्हा करायचा तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन करावा. निर्मात्यांना तिकीटविक्रीची काळजी असते हे मी समजू शकतो. पण मराठीत मुलांसाठी मुळात चित्रपट किती निघतात, आणि जो नायक मुलांसाठीच जन्मला त्यालाही मोठं करून टाकायचं?

चेहऱ्याच्या भांडणांनी आणखी एक नुकसान होतं, आणि त्याचा फायदा स्टुडिओंना मिळतो. २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ लागायच्या आधीच, एकही खेळ न बघता, नायिका ब्री लार्सनवरच्या रागापोटी लोकांनी रॉटन टोमॅटोजवर इतकं वाईट लिहिलं की त्या संकेतस्थळाने प्रदर्शनाआधी प्रतिक्रिया नोंदवण्याची सोयच काढून टाकली. २०१५ च्या ‘फँटास्टिक फोर’मध्ये मायकल बी. जॉर्डनने जॉनी स्टॉर्म करायचा म्हटल्यावर त्याला वर्णावरून शिव्या खाव्या लागल्या. चित्रपट पडला तो ढिसाळ पटकथेने आणि निर्मितीतल्या ओढाताणीने. तीन वर्षांनी ‘ब्लॅक पँथर’मध्ये त्याच जॉर्डनने किलमाँगर असा केला की लोक खलनायकाच्या बाजूने विचार करू लागले. अशी घाण एकदा उडाली की पुढे स्टुडिओला प्रत्येक टीकाकाराला त्याच टोपलीत टाकता येतं. पटकथा कच्ची आहे म्हणणारा आणि नटीला शिव्या घालणारा, दोघेही ‘विखारी चाहते’ ठरतात. नटाच्या खात्यावर जाऊन घाणेरडं लिहिणाऱ्या माणसाला माझं हेच सांगणं आहे, की तो आपल्या आवडत्या पात्राचं रक्षण करत नाहीये, ते पात्र बिघडवणाऱ्यांना तो ढाल पुरवतोय.

पात्रनिवडीचा एक भाग तर मुंबईतच ठरतो, आणि त्यावर आपण फार कमी बोलतो. तो म्हणजे हिंदी आवाज. ‘सिव्हिल वॉर’मध्ये (२०१६) कॅप्टन अमेरिकाला वरुण धवनने आवाज दिला, ‘होमकमिंग’मध्ये स्पायडरमॅनला टायगर श्रॉफने, ‘डेडपूल २’मध्ये (२०१८) रणवीर सिंगने. हिंदीत बघणाऱ्या प्रेक्षकासाठी आवाज हाच अर्धा नट असतो. वर्षानुवर्षं काचेच्या खोलीत उभं राहून ओठांची हालचाल जुळवणारे डबिंग कलाकार या शहरात आहेत, पात्राचा श्वास त्यांना पाठ असतो. जाहिरातीत नाव छापता यावं म्हणून त्यांना बाजूला सारून स्टार आणला जातो. इथे केलेला आक्षेप मला न्याय्य वाटतो, कारण तो ऐकून केलेला असतो. टीझरमध्ये आवाज ऐकला, पात्र ओळखीचं वाटलं नाही, म्हणून बोललो. फोटो बघून बोललो नाही.

२०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडरव्हर्स’मध्ये मुंबईचा स्वतःचा स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर, पडद्यावर आला. भारतात तो चित्रपट मराठीसह दहा भाषांत लागला, हिंदी आणि पंजाबीत पवित्रला शुभमन गिलचा आवाज होता. हा मुलगा पहिल्यांदा २००४ मध्ये भारतात निघालेल्या कॉमिक्समध्ये आला होता, धोतर नेसून. धोतर का गेलं, केस असे का, तो मराठी का वाटत नाही, अशा तक्रारी मी ऐकल्या. त्यांतली एकही मला महत्त्वाची वाटली नाही. मुंबईच्या स्पायडरमॅनने मराठीच असावं असा माझा हट्ट नाही. हे शहर सगळ्यांनी मिळून उभं केलंय.

माझी तक्रार वेगळी आहे. पवित्र देखणा आहे, चपळ आहे, त्याच्या शहराची रंगीत रचना डोळ्यांत भरते, आणि इंग्रजांनी लुटलेल्या वस्तूंबद्दलचा त्याचा टोमणा झणझणीत आहे. पण त्याला सगळंच सोपं जातं. तो स्वतः तसं सांगतोही. मुंबईत काहीच सोपं जात नाही. इथला मुलगा क्लास बुडवून कोणाला वाचवायला गेला तर घरी काय सांगतो? मावशीची खोली पुनर्विकासात निघाली आणि बिल्डर भाडं देईना, तर रात्री मुखवटा घालणारा हा मुलगा दिवसा कुठे राहतो? अंगात ताकद असताना बिल्डरच्या ऑफिसात जाऊन तो टेबल उलटं करतो, की सोसायटीच्या सभेत मागे उभा राहून ऐकतो? त्याच्यावर पुढे कोणी स्वतंत्र चित्रपट काढलाच, तर नट कुठल्या राज्यातला आहे यावर मी एक शब्द बोलणार नाही. हे प्रश्न त्यात आहेत का, एवढंच बघेन.

पुढच्या मोठ्या भांडणाची तारीख तर लागलेलीच आहे. रॉबर्ट डाउनी ज्युनियर मार्व्हलचा खलनायक डॉक्टर डूम होणार हे जुलै २०२४ मध्ये जाहीर झालं, आणि ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’साठी डिसेंबर २०२६ सांगितलाय. आधी आयर्न मॅन झालेल्या नटाचाच चेहरा डूमला कसा चालेल, यावर आत्तापासून रान उठलंय. डूमचा चेहरा लोखंडी मुखवट्याआड असतो, त्यामुळे त्या वादात मला रस नाही. १९६४ च्या कॉमिक्समधली त्याची जन्मकथा मात्र मला फार जवळची आहे. तो लात्व्हेरिया या काल्पनिक देशातल्या रोमा समाजाचा मुलगा आहे, ज्या समाजाच्या भाषेची मुळं आपल्या उपखंडात आहेत. त्याचा बाप वैद्य. सरदाराच्या मरणाऱ्या बायकोला वाचवता आलं नाही म्हणून तो मुलाला घेऊन बर्फात पळतो, आपल्या अंगावरचे कपडे मुलाला पांघरतो आणि थंडीने मरतो. डूमचा अहंकार, आपल्याशिवाय कोणाच्याच हाती सत्ता सुरक्षित नाही ही त्याची खात्री, आपल्या प्रजेवरचं त्याचं विचित्र प्रेम, सगळं त्या रात्रीतून येतं. पटकथेत तो वैद्य आणि त्याची भटकी जमात असेल तर डाउनी डूम होऊ शकेल. ते काढून टाकलं असेल, तर त्या वेळी चाहत्यांनी जितका आवाज करता येईल तितका करावा, आणि त्यांच्यात मीही असेन.